सदतीस नंबरचा तुकडा

२७ ऑक्टोबर २०२५, खारसोंडे, ता. पेण

सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. विद्यापीठाच्या समितीचे अध्यक्ष माझा तक्ता दोन बोटांत धरून म्हणाले, की आजी, बावन्न रकान्यांतला एक रिकामा, याला पीएच.डी.चं संशोधन म्हणत नाहीत. ३१ तारखेपर्यंत भरा, नाहीतर नोंदणी रद्द. मला आजी म्हणणारं घरात कोणी नाही आणि बाहेर मी कुणाला परवानगी दिलेली नाही. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढून वयाच्या साठाव्या वर्षी इतिहासात एम.ए. केलं, ते असल्या माणसाकडून हे ऐकायला नव्हे.

पण आज मन प्रसन्न आहे. रोह्याहून सकाळची गाडी पकडली, पेणला उतरून रिक्षाने गावात आले. भात पिवळंधमक झालंय, कापणी चालू आहे. धोंडुबाई म्हात्रेंनी पडवीलगतची खोली दिली. जेवायला सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, कालवण. आम्हा कायस्थांना सोड्यांत फसवणं कठीण; हे अस्सल होते.

विषय सोपा आहे. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा बांध. त्याचे बावन्न तुकडे, प्रत्येक तुकडा एका घराने राखायचा. गावच्या जुन्या वहीत एक्कावन्न घरांची नावं आहेत. सदतीस नंबरपुढे काही नाही. चार दिवसांत ते नाव मिळवायचं.

२९ ऑक्टोबर

वही केरू म्हात्रेंकडे असते. वय ऐंशीच्या पुढे, धोंडुबाईंचे चुलत सासरे. सदतीसचं विचारताच त्यांनी वही मिटली. म्हणाले, तो तुकडा कोनाचा नाय बाय, कोनाचा करायचाबी नाय. मग राखतं कोण, असं विचारलं, तर सगला गाव एकेक टोपली माती टाकतो, म्हणाले. मी म्हटलं, आधी कुणाचा तरी असेलच. त्यावर ते उठून आत गेले.

इतर घरी तोच अनुभव. एका बाईने दार लावून घेतलं. दुसरीने धोंडुबाईंना माझ्यादेखत विचारलं, की ही म्हातारी जाते कवा गो? मी तिला शुद्ध मराठीत सांगितलं, की काम झाल्यावर.

३० ऑक्टोबर

बांधावर जाऊन आले. बाकी सगळीकडे गवत आहे, सदतीसवर नाही. माती ओली, काळी, खेकड्यांच्या बिळांनी पोखरलेली. उभी राहिले तर चप्पल रुतली. काढताना खालून कुणी धरल्यासारखं वाटलं. चिखल ओढतो, इतकंच.

३१ ऑक्टोबर

दुपारी चारला समीक्षाचा फोन. ही माझी मार्गदर्शक, वय चौतीस, सगळ्याला "नो इश्यू" म्हणते. पाच वाजता पोर्टल बंद होणार आणि रिकामा रकाना ते घेत नाही. काहीतरी टाका मॅडम, नंतर बदलू. मी खोटं नाव लिहिणार नाही. निदान माझं तरी खरं आहे, म्हणून तात्पुरतं लिहिलं: रोहिणी कारखानीस. चार पंचावन्नला तक्ता गेला. आता बोला, अध्यक्षमहाशय.

१ नोव्हेंबर

सकाळी भरतीच्या वेळी खोलीत पाणी. दार बंद, छप्पर कोरडं, आणि कॉटच्या चारी बाजूंना घोटाभर खारा चिखल. बाहेर अंगण खडखडीत. धोंडुबाईंनी तो पाहिला, विचारलं, बाय, तुमी नाव लिवलं? मी हो म्हटलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला. थोड्या वेळाने दाराशी एक घमेलं आणि फावडं ठेवून गेल्या. जेवण आलं नाही.

२ नोव्हेंबर

केरू म्हात्रे स्वतः आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. म्हणाले, बिननावाचा ठेवला व्हता म्हनून सगल्यांना हात लावता येत व्हता. आता मालक हाय. मालकाच्या तुकड्यावर दुसऱ्यान् माती टाकायची नाय. त्यांच्या आज्याच्या वेळी एकाने हौसेने नाव लावलं. पाणी आलं तेव्हा तो बांधावर गेला नाही, पेणला पळाला. तिथून त्याला नेलं. कुणी, हे सांगितलं नाही. बांध मात्र दुसऱ्या दिवशी सुकला, म्हणे. मग गावाने ते पान फाडून नवं लिहिलं.

मी म्हटलं, तुम्ही आधी सांगायचं होतं. ते म्हणाले, सांगितला नाय? तीन येला सांगितला. तुमाला ऐकू कमी येता का लिवता जास्त येता?

वहीत माझं नाव नाही. पण तक्त्यात आहे.

३ नोव्हेंबर, रोहा

पळून आले नाही. माझ्या घरी आले. तिसरा मजला.

सकाळी सव्वादहा, स्वयंपाकघरात काळं पाणी. लाद्यांतून वर. बिळं पडली लाद्यांना — खेकडे नाहीत, नुसती बिळं. दोन तासांनी उतरलं. माझ्या पायांवर बोटांचे वळ. खालच्या मजल्यावर थेंब नाही.

धोंडुबाईंचा फोन. सदतीस पाझरतोय. पन्नास एकर भात उभं आहे. माणसं बांधावर उभी आहेत, हात बांधून, माझी वाट बघत.

४ नोव्हेंबर

समीक्षाला तीन फोन. नाव काढ. पोर्टल लॉक झालंय मॅडम, समितीच काढू शकते, बैठक दहा तारखेला. नो इश्यू.

अकरा वाजता गुडघ्यापर्यंत. आज वळ नाहीत. आज धरून ठेवलं. पाणी उतरलं तेव्हा सोडलं, सावकाश — उद्या पौर्णिमा.

५ नोव्हेंबर, सकाळी १०.५०

ईमेल चार वेळा परत आला. इथेच लिहिते, फोटो काढून पाठवते.

प्रति, अध्यक्ष, संशोधन समिती. माझ्या तक्त्यातील क्र. ३७ पुढील नाव तत्काळ काढावे. तो रकाना रिकामा आहे. रिकामाच बरोबर आहे. चूक माझी, हे लिहून देते —

कमरेपर्यंत आलं, पूर्ण भरती बाराला. टेबलावर बसले आहे.

गावचं भात जायला नको. तिथे पोचायला आता वेळ नाही आणि इथे — खालून दोन हात — माती लागलेले, म्हातारे —

नाव काढल्याचे लेखी उत्तर मला आज, बुधवार, दुपारी बाराच्या आत मिळालेच पाहिजे. तोंडी चालणार नाही. लेखी. बाराच्या आ