पॉसमांची पंगत

पुकेकोहे,
२३ सप्टेंबर २०१८

आदरणीय नाना,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं मजेत. तुमची तब्येत उत्तम असणार, कारण परवा फोनवर तुम्ही अख्ख्या नागपुरातल्या नातेवाइकांची खबर एका दमात सांगितलीत. विमानात स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. लोणचं आणू नका. आणायचंच झालं तर फॉर्मवर लिहा, इथे विमानतळावर सगळं उघडून बघतात. स्नेहलने तुमची खोली लावली आहे. खिडकीतून कांद्याची शेतं दिसतात, तुम्हाला करमेल.

रविवारी सकाळी मी फोन उचलत नाही, त्याबद्दल. पक्षी बघायला जातो, असं मी सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितो.

इथे पॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी आहे. फार पूर्वी कातड्यासाठी बाहेरून आणून सोडलेला. तो पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. आमचे शेजारी विरेमू, तुमच्याच वयाचे, घरट्यांचा हंगाम सुरू झाला की हुनुआच्या डोंगरात सापळे लावतात. यंदा त्यांचा गुडघा धरला आणि त्यांनी मला विचारलं. त्यांना नाही म्हणवेना. ऑगस्टपासून सापळ्यांची ती वाट माझ्याकडे आहे, दर रविवारी फेरी मारायची. अकरा पिवळ्या पेट्या. आत दालचिनी लावलेली सफरचंदाची फोड ठेवायची, दोरी ओढून स्प्रिंग ताणायची. पॉसमने तोंड घातलं की तो तिथल्या तिथे संपतो.

नाना, मी फोड ठेवायचो आणि दोरी ओढायचोच नाही. विहारात तुम्ही पंचशील देताना पहिल्या रांगेत बसून वाढलेला मी, हात पुढे जाईना. पुढच्या रविवारी फोडी गायब. मी नव्या ठेवायचो आणि विरेमूंच्या वहीत ‘पॉसम शून्य’ लिहायचो. सात आठवडे पॉसमांची पंगत बसवली मी. वर मनातून खूश, की माझ्या हातून काही मेलं नाही. विरेमू वही बघून म्हणायचे, “तुझी लाइन एकदम क्लीन आहे, ब्रो. स्वीट ॲज.” म्हणजे झकास.

सातव्या पेटीजवळ फॅनटेलचं घरटं होतं. चिमणीहून लहान पक्षी, माणूस दिसला की मागे मागे येतो. गेल्या रविवारी आत तीन पिल्लं होती. आज घरटं फाटून लोंबत होतं, आणि खालच्या पेटीतली माझी फोड फस्त. मी तिथेच बसून रडलो.

परत येऊन विरेमूंना सगळं सांगितलं. ते शिव्या घालतील असं वाटलं. त्यांनी चहा ओतला आणि म्हणाले, “मारायचं नव्हतं तर मला सांगायचंस, मेट. मी दुसरं कुणी बघितलं असतं. ती पिल्लं तुझ्या भरवशावर होती.”

दुपारी मी पुन्हा गेलो आणि अकराही दोऱ्या ओढून आलो. उद्या बघायला जाईन. काही तरी मेलेलं असेल, आणि ते माझ्या हातून.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथली सगळी कुटुंबं तुमच्याकडून पंचशील घेणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. जीव न घेण्याचं पहिलं शील मी आता मोडणार आहे. खोटं न बोलण्याचं चौथं सात आठवडे वहीत मोडत होतो, आणि खरं सांगतो, लाज मला त्याचीच जास्त वाटते. त्या दिवशी मी सगळ्यांबरोबर बसू का? तुम्ही नको म्हणालात तर बाहेर चपलांपाशी उभा राहीन, वाईट वाटून घेणार नाही. पण हा हंगाम संपेपर्यंत सापळे सोडणार नाही. इथे आल्यावर कळण्यापेक्षा निघण्याआधी तुम्हाला हे कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तिकीट मात्र रद्द करू नका. रागवायचं असेल तर इथे येऊन, मला समोर बसवून रागवा.

वाट पाहणारा आणि थोडा घाबरलेला,
तुमचाच
सुयश