चंद्रीची ओळ
वडिवळे, आषाढ वद्य पंचमी

तिची आई गेल्यापासून माझा हात न सोडणारी माझी लेक चंद्री आज आपणहून भातखाचरात उतरली. बायांसारखी मागं मागं सरकत तिनं रोपांची एक ओळ लावली. वाकडी होती, पण लावली! मला हाक मारून दाखवली. तेवढ्यात थोरल्या वहिनींनी तिच्यादेखत ती सगळी उपटून सरळ लावली. "लय वाकडी गं," एवढंच म्हणाल्या, तेही मायेनं. मी बांधावरच होतो. 'राहू द्या, वहिनी' का नाही म्हणालो? वाकड्या ओळीला काय भात येत नाही?

आत्ता मी तिची पाटी काढली. रोज माझ्या हातातली पेन्सिल हिसकावून नाव लिहिते. आज तिनं ती माझ्याच हातात ठेवली.

"आबा, तुमीच लिवा. माझं वाकडं येतं."