शेंडेनक्षत्राचा दोरा

आल्टनबाख, २० डिसेंबर १६८०

चि. बाल्थाझारास युस्टिनाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आणि रेशमी दोरा पोचला. दोरा ताणून शेंडेनक्षत्रावर धरायचा आणि त्याच रेषेत वर-खाली कुठले तारे येतात ते कळवायचं, एवढं समजलं. पण लायप्झिगला धुकं आहे म्हणून दिवस भरत आलेल्या बहिणीला चर्चच्या मनोऱ्यावर चढवणारा भाऊ जगात तूच! तुझ्या भावोजींनी दोरा काढून घेतला आणि आपल्या खिशात ठेवला.

आता मुख्य गोष्ट. बाळाचा धर्मपिता तूच, हे मी कधीचंच ठरवलंय. पण भावोजी अडून बसलेत. रविवारच्या उपदेशात त्यांनी सांगितलं, की हे शेंडेनक्षत्र म्हणजे देवाने उगारलेली छडी आहे. आणि तू म्हणतोस, ती ठरल्या वाटेने चालणारी वस्तू. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी बाळाच्या वतीने ज्याने ‘माझा विश्वास आहे’ म्हणायचं, त्याचा आधी कशावर विश्वास आहे ते कळू दे, असं त्यांचं म्हणणं.

मागचं बाळ गेल्यापासून मलाही त्या छडीची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? मी राहिले नाही, तर या लेकराला हसवणारं कुणीतरी हवं रे. भावोजी फार चांगले आहेत, पण हसवणं त्यांना जमत नाही. तेव्हा गोड बोलून त्यांना जिंक.

नाताळचा केक पाठवलाय. एकट्याने फस्त करू नकोस.
तुझी ताई

लायप्झिग, २८ डिसेंबर

प्रिय ताईस, स. न. वि. वि.

केक एकट्यानेच फस्त केला. इथले प्राध्यापक मला नास्तिक म्हणत नाहीत, नुसता आळशी म्हणतात, हे भावोजींना जरूर सांग.

देवाने छडी उगारली असेल, मी नाही कुठे म्हणतो? पण ती वळते कशी हे पाहिलं, तर उगारणाऱ्याचा अपमान कसा होतो? नोव्हेंबरात पहाटे दिसलं ते आणि आता संध्याकाळी दिसतं ते एकच नक्षत्र, सूर्याला वळसा घालून परतलेलं, असं मला वाटतं. तसं निघालं तर मी गुडघे टेकेन, तेही भावोजींपेक्षा जास्त वेळ.

पण धर्मपिता होण्यासाठी मनात नसलेलं लिहून देणार नाही. तुझ्या बाळासाठी उभं राहायचं आणि पहिलाच शब्द खोटा बोलायचा, हे माझ्याने व्हायचं नाही. रागावू नकोस. मनोऱ्याचं विसर, तुझ्यापुढे मला ते तारे नकोत. जिवाला जप, मला फार काळजी वाटते.
तुझाच, बाल्थाझार

आल्टनबाख, ६ जानेवारी १६८१

चि. बाल्थाझारास योआखिमचे आशीर्वाद.

युस्टिना सुखरूप आहे. काल मुलगी झाली, रडते तुझ्यासारखीच मोठ्याने.

कळा सुरू झाल्या तशी दाईने मला घराबाहेर काढले. मी प्रार्थनेसाठी मनोऱ्यावर गेलो. दिवस मावळला, समोर ती छडी दिसू लागली, आणि मला मागचे बाळ आठवले. इतकी वर्षे लोकांना प्रार्थना शिकवतो, पण काल मला स्वतःला शब्द सापडेनात. खिशात तुझा दोरा हाताला लागला. तो ताणून त्या छडीवर धरला. वरचा एक ठळक आणि खालचा एक अंधूक तारा रेषेत येईपर्यंत तसाच धरून राहिलो. चित्र सोबत आहे. ती प्रार्थना होती की मोजमाप, मला सांगता येत नाही. तूही सांगायला जाऊ नकोस.

छडीचा उपदेश मी मागे घेणार नाही. तूही तुझे काही मागे घेऊ नकोस. खोटे बोलणार नाही म्हणालास, तेवढे मला पुरे आहे. तू पोचेपर्यंत बाप्तिस्मा थांबवला आहे. पाद्रीच उशीर करतो म्हणून गावातल्या बाया कुजबुजतात. तेव्हा बर्फ असो की काही, लवकर ये, आणि ‘विश्वास आहे’ हे मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असे म्हण.

दोरा मात्र परत मागू नकोस. मी धावत खाली आलो, तेव्हा दाई नाळ बांधायला दोरा शोधत होती.

आमच्यावरची माया अशीच राहू दे.
तुझा भावोजी, योआखिम