कावळा शिवत नाही

कुंभार पिंपळगाव,
९ मार्च २०२५

हरिओमराव,
कल्याणचा रामराम.

इकडे ठीक. हरभरा काढून झाला. राजनंदिनी जेवते, शाळेत जाते. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. भाषणासारखं झालं तर सोसा, मला दुसरं बोलणं येत नाही.

माझी बहीण गेली, आणि तिच्या दहाव्यानंतर तुम्ही सात वर्षांची लेक आमच्याकडे सोडून चाकणला गेलात. नोकरी आहे, मान्य. पण "तिच्याशी काय बोलू?" म्हणून बोलणंच तोडायचं? लेकराला दुःख कळत नाही, खाऊ दिला की विसरतं, हा आपल्या समाजाचा सर्वांत निर्दय खोटेपणा आहे! भर सभेत म्हणेन मी हे.

ती विसरत नाही. ती खेळते. दहाव्याचा खेळ. अंगणात चिखलाचा पिंड, भोवती झेंडूच्या पाकळ्या, समोर रांगेत बाहुल्या. तिची मामी, आमची उषा, हादरली. "अवं, बंद करा हे. चांगलं लक्षण न्हाई." मी अंगणवाडीच्या बेबीनंदाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खेळू द्या. पोटातलं हातातून बाहेर येऊन राह्यलं. बोलावलं तर तुम्ही बी बसा. अन् भाऊ, भाषण बिलकुल न्हाई!" छाती भरून आली की गरम चहावर मारतो तशी लांब फुंकर मारायची, हेही त्यांनीच पोरीला शिकवलं.

मला बोलावलं गेलं.

"मामा, तुम्ही कावळा व्हा."

"काव! काव!"

"जल्दी न्हाई यायचं! तुम्ही रुसलाय. मी कबूल केलं की मंग शिवायचं."

घाटावर कावळा अडला की आपण मेलेल्या माणसाला वचनं देतो ना, तशी ती हात जोडून उभी राहिली. "मी रडणार न्हाई. मामीला तरास देणार न्हाई." मी उड्या मारत पिंडाकडे निघालो.

"फोन लावा म्हणून हट्ट करणार न्हाई, पप्पा. जा आता."

हरभऱ्याचं लिहिलं, समाजाचं लिहिलं. लिहायचं होतं ते हे.

मी जागीच थांबलो. मागे सरलो. "मामा, शिवा ना! कबूल केलं ना मी!" ती फुंकरा मारत होती, एकामागून एक. आयुष्यभर माईक न सोडलेला मी, अंगणाच्या कडेला कावळ्यासारखा बसून राहिलो.

आता रोज संध्याकाळी पिंड मांडते, रोज नवं वचन देते. काल म्हणाली, "तुमचा चेहरा बी विसरून जाते, पप्पा."

अजून किती दिवस अडून बसेन, सांगता येत नाही. लेकरू फार रडलं तर मी हरेन आणि शिवून मोकळा होईन. त्याआधी या. खाऊ नको, समजूत नको, काय बोलायचं याची तालीम नको. अंगणात बसा आणि ती सांगेल ते व्हा.

तुमच्या पिंडाला अजून न शिवलेला,
कल्याण