अंकी आणि अक्षरी

भाईंदर (पश्चिम)
रविवार, ४ फेब्रुवारी २००७, सकाळी अकरा

ती. आबा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. डोळ्याचे थेंब वेळच्या वेळी घालताय ना? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मग मी ओरडते नि शेजारी दार उघडून बघतात, म्हणून पत्रच बरं. आम्ही तिघं मजेत आहोत. उत्तम आज सुट्टीचा पंखे पुसतोय. गिरू खालीच विमलाबाईंकडे खेळायला गेली आहे. त्यांच्या मोरव्याच्या माहेरून बोंबील आलेत, त्यामुळे ती जेवल्याशिवाय परत यायची नाही.

तुम्ही विचारलं होतंत की मी ऑफिसात नक्की करते काय, कारण गावात सगळे विचारतात. सांगते. आमची कंपनी तान्ह्या बाळांच्या काचेच्या पेट्या विकते. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं उबेत ठेवतात, त्या पेट्या. प्रत्येक पेटीत ऊब मोजणारा एक सेन्सर असतो आणि प्रत्येक सेन्सरचा स्वभाव थोडा वेगळा, म्हणून प्रत्येक पेटीची एक वेगळी फाइल असते. सेन्सर बदलला की दवाखान्याने आमच्या वेबसाइटवर जायचं, पेटीचा नंबर आणि पासवर्ड टाकायचा, फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आणि केबलने पेटीत भरायची. हे सगळं सोपं आहे असं ज्याने वेबसाइट बनवली त्याला वाटतं. ज्यांना सोपं वाटत नाही त्यांचे फोन काशीमीऱ्याला, गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, माझ्या टेबलावर येतात.

तुम्ही हसाल असे फोन असतात. शून्याच्या जागी ओ टाकतात. कॅपिटलचं बटण दाबलेलं असतं आणि पासवर्डला शिव्या घालतात. तीन वेळा चुकलं की खातं बंद होतं, मग ते मी उघडून द्यायचं. एक डॉक्टर तर पासवर्ड मला मोठ्याने वाचून दाखवतात आणि वर सांगतात, "कुणाला सांगू नका हं." खाली ट्रकचे हॉर्न चालू असतात, त्यामुळे मीही ओरडतेच. चार वर्षं हेच करते आहे आणि चांगलं करते. निदान परवापर्यंत मला तसं वाटत होतं.

आबा, तुम्ही आम्हाला आकडे मराठीतच लिहायला लावायचात. इंग्रजी आकडा दिसला की पाटी पुसून परत. त्यामुळे घाईत असले की माझ्या हातून अजून मराठीच आकडे उतरतात. दुधाचा हिशेब असो नाहीतर कुणाचा फोन नंबर. कॉम्प्युटरवर अर्थात इंग्रजी, पण कागदावर आपले.

आणि दुसरी एक गोष्ट. दिवाळीपासून आमच्या दोन पाळ्या झाल्या. सकाळची माझी, दुपारी दोननंतरची क्षितिजाची. क्षितिजा बेव्हर्ली पार्कला राहते. चोवीस वर्षांची आहे, गिरगावातून इकडे आलेल्या घरातली, मराठी फाडफाड बोलते, पण शिकली सगळी इंग्रजीत. गुणी मुलगी आहे. गिरूच्या वाढदिवसाला स्वतः केक करून घेऊन आली होती. गिरूची शाळा सुटते म्हणून मी पाच मिनिटं आधी निघते आणि राहिलेलं काम तिच्यासाठी चिठ्ठीवर लिहून ठेवते.

हे मी का सांगतेय ते आता सांगायलाच हवं. मघापासून पंख्यांचं नि बोंबलांचं लिहितेय ते हे टाळायला म्हणून.

बुधवारी दुपारी एका तालुक्याच्या गावातून मंदा सिस्टरांचा फोन आला. लॉगिन झालं होतं, पण फाइल निम्मी-अर्धी उतरली की लाइन जायची. तीनदा केलं, तीनदा तेच. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे संध्याकाळी नेट बरं चालतं. तेव्हा ई-मेलनं पाठवून द्या, मी थांबते. पेटी लागणारच आहे, एक बाई अडलीय." मी चिठ्ठी लिहिली: पेटी नंबर २१३१, फाइल ई-मेलने पाठव, अर्जंट. क्षितिजाच्या कीबोर्डवर ठेवली आणि गिरूच्या शाळेकडे पळाले.

गुरुवारी दुपारी मंदा सिस्टरांचा परत फोन आला, थेट आमच्या शशिकांत सरांकडे. पेटीवर आकडा छत्तीसचाच दिसत होता, पण बाळाच्या पाठीला हात लावला तर चटका बसत होता. सिस्टरांनी पेटीचं ऐकलं नाही, हाताचं ऐकलं. बाळाला बाहेर काढून जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवलं. मुलगी आहे. दीड किलोची.

क्षितिजाने २१३१ची नाही, दुसऱ्याच पेटीची फाइल पाठवली होती. त्या पेटीचा नंबर दोन नऊ तीन नऊ.

शुक्रवारी सरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. क्षितिजा रडत होती. "सर, आय स्वेअर, चिठ्ठीवर तेच होतं. टू नाइन थ्री नाइन. मी दोनदा चेक केलं." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, मी बरोबर लिहिलं होतं." आबा, तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच वाटत होतं की तिने डुलकीत काहीतरी केलं. मनात थोडा रागही आला की स्वतःची चूक माझ्या चिठ्ठीवर ढकलतेय.

त्याच संध्याकाळी तुमचं पत्र आलं. गिरूला हल्ली दिसेल ते वाचायचं वेड लागलंय. अक्षरं तिला येत नाहीत, पण आकडे वाचते. तुम्ही लिहिलं होतंत, मी ११ तारखेला येतो. तिने बोट ठेवून वाचलं, "नाइन, नाइन." मग मला विचारते, "आई, आजोबा नाइन्टी नाइन तारखेला येणार? अशी तारीख असते?"

उत्तम हसायला लागला. मी पत्र तिच्या हातातून घेतलं आणि बघतच राहिले. आपला एक. ज्याने तो कधी गिरवला नाही त्याला तो इंग्रजी नऊ दिसतो. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे संशयही येत नाही. २१३१. दोन नऊ तीन नऊ. क्षितिजाने खरंच दोनदा तपासलं असणार. दहादा तपासलं असतं तरी तिला तेच दिसलं असतं.

त्यानंतर मी जे केलं ते मी उत्तमलाही सांगितलेलं नाही.

काल शनिवार. मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी ऑफिसला गेले. शिपाई नुकताच झाडत होता. क्षितिजाचा कीबोर्ड उचलला तर खाली चिठ्ठी होती. माझं अक्षर, माझे आकडे, दोन एक असे ठसठशीत की तुम्ही शाबासकी दिली असती. मी ती पर्समध्ये टाकली. विचार असा काही केलाच नाही. हाताने केलं.

क्षितिजालाही सरांनी सकाळीच बोलावलं होतं. दहा वाजता ते आले आणि तिला म्हणाले, "तू चिठ्ठी चिठ्ठी करतेस ना? दाखव चल." तिने कीबोर्ड उचलला. ड्रॉवर काढले. टेबलाखाली बसून कचऱ्याचा डबा उपडा केला. आणि मग वर माझ्याकडे बघितलं, आबा. संशयाने नाही. मी तिला मदत करावी म्हणून. "मॅम, तुम्हाला आठवतंय ना, यलो कागद होता?" मी म्हटलं, "असेल गं, मला आता आठवत नाही." पर्स माझ्या मांडीवर होती.

सर म्हणाले, "बस झालं. सोमवारी राजीनामा लिहून आण. पोलीस केस झाली तर नाव तुझंच जाईल, मी काही करू शकणार नाही."

येताना नाक्यावरच्या पीसीओतून मी मंदा सिस्टरांना फोन लावला. ऑफिसातून किंवा घरून लावायची हिंमत नव्हती. त्या म्हणाल्या, "आज सकाळी दूध ओढलं पोरीनं थोडं. डॉक्टर म्हणतात, वाचेल. कोण बोलतंय?" मी फोन ठेवला. बूथमध्ये उभी राहून रडले आणि मग, लाज वाटते लिहायला, मला हलकं वाटलं. बाळ वाचतंय, मग आता बोलून काय उपयोग, क्षितिजाला काय, दुसरी नोकरी मिळेल, वय आहे. असे सगळे विचार मी घरापर्यंत व्यवस्थित जुळवत आले. विमलाबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काय झाला गो पोरी? दोन दिस बघतंय, जेवत न्हाय, बोलत न्हाय." मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आता खरं सांगते. हे पत्र मी चिठ्ठी तुमच्याकडे पाठवायला म्हणून लिहायला घेतलं. फाडायची भीती वाटली, जवळ ठेवायचीही वाटली. म्हटलं आबांच्या ट्रंकेत, आईच्या फोटोखाली पडून राहील, तुम्ही विचारलंत तर सांगेन जुना कागद आहे. पाकिटात ती आधीच घालून ठेवली होती.

पण वरती मी एक ओळ लिहिली आहे, तुम्ही वाचली असेल. "दिवाळीपासून आमच्या दोन पाळ्या झाल्या." ती लिहून झाली आणि मी पेन खाली ठेवलं. दिवाळीपासून मी क्षितिजासाठी किती चिठ्ठ्या लिहिल्या? बहुतेक नुसत्या निरोपाच्या, परत फोन कर, पासवर्ड बदलून दे. पण ज्यांची फाइल उतरत नव्हती म्हणून ई-मेलने पाठवायला सांगितलं, अशा आणखी चार तरी आहेत. माणसं मला आवाजावरून आठवतात, नंबर आठवत नाहीत. त्या नंबरांत एक होता की नव्हता? चार आकडी नंबरात एक असायला काय लागतं?

सगळ्यांना वाटतंय चूक एकदाच झाली, क्षितिजाकडून, डुलकीत. म्हणून बाकीच्या पेट्या कुणी तपासणार नाही. त्या तपासायला हव्यात हे जगात फक्त मला माहीत आहे. प्रत्येक ठिकाणी मंदा सिस्टर नसतात. आणि आबा, आज रविवार आहे, पण त्या पेट्या रविवारी बंद नसतात.

उत्तमला हाक मारते. त्याला सांगते आणि सरांना फोन करते. पत्र इथेच ठेवते.

दुपारी अडीच

सरांशी बोलले. मी सगळं एका दमात सांगितलं. चिठ्ठी, पर्स, सगळं.  ते एवढंच म्हणाले, "किती चिठ्ठ्या? मी ऑफिस उघडतो. पाठवलेल्या ई-मेल बघतो. तू फोनजवळ बस." मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्यानेच जास्त भीती वाटली.

मग क्षितिजाला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मी डबा उलटा केला तेव्हा तुम्ही बघत होतात." आणि फोन ठेवला.

तासाभराने सरांचा फोन आला. चारपैकी तीन नंबरांत एक होता. तिन्ही ठिकाणी चुकीची फाइल गेली आहे. सर ई-मेलमधला एकेक नंबर वाचत होते आणि नऊच्या जागी एक घालून खरा नंबर मी, तुम्ही चेकवर लिहायला शिकवलंत तसा, अंकी सोडून अक्षरी सांगत होते, दोन हजार एकशे तीन, दोन हजार तेरा. मला आता आकड्याची भीतीच बसली आहे. पहिल्या दवाखान्यात फाइल अजून पेटीत भरलेलीच नव्हती. दुसरीकडे पेटी रिकामी होती, त्यांनी लगेच बटण बंद केलं. तिसरा दवाखाना डहाणूच्या आतल्या बाजूला आहे. तिथे नुसती रिंग जाते. सरांनी अकरा वेळा लावला, मी सहा वेळा. कुणी उचलत नाही. रविवार आहे, कदाचित फोनजवळ कुणी नसेल. कदाचित सगळे आत, पेटीपाशी असतील.

सर काशीमीऱ्याच्या नाक्यावर गाडी घेऊन थांबतायत. हायवेने गेलो तर दोन-अडीच तास. मी त्यांच्याबरोबर जातेय. गिरू विमलाबाईंकडे राहील, उत्तम घरी बसून त्या नंबरावर फोन लावत राहणार आहे. आत्ताही लावतोय, मला इथे रिंग ऐकू येतेय.

चिठ्ठी पाकिटातून काढून घेतली आहे. ती सरांच्या हातात द्यायची आहे. तुम्हाला नुसतं पत्रच मिळेल.

तुम्ही स्वतःला बोल लावून घ्याल म्हणून सांगते, आकडे तुम्ही बरोबरच शिकवलेत. शनिवारी सकाळी मी कीबोर्ड उचलला, ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

हे तुमच्या हातात पडेल तेव्हा बुधवार असेल. डहाणूला जे व्हायचं ते तोवर होऊन गेलेलं असेल आणि तुम्ही मात्र ते घडायच्या आधीचं वाचत असाल. तरी देवापाशी दिवा लावा, आबा. उशिरा लावलेला चालतो का, ठाऊक नाही. लावा.

अकरा तारखेला नक्की या. मला तुम्ही हवे आहात. मी नोकरीत असेन की चौकीत, सांगता येत नाही, पण उत्तम स्टेशनवर येईल. गिरूला सांगितलंय, नाइन्टी नाइन नाही, अकरा. ती हाताची बोटं मोजतेय, पण बोटं दहाच आहेत म्हणते.

फोन अजून वाजतोच आहे. निघते.

तुमची,
संपदा
दिनांक, अक्षरी: चार फेब्रुवारी, दोन हजार सात