शिवलेलं भोक

सोमवार
पोचलो एकदाचे. लेक म्हणाला, आमच्यामागे कटकट करण्यापेक्षा या वहीत लिही. लिहिते. दुसरीपर्यंत शिकले, कुणी चुका काढू नयेत. घर समुद्राला इतकं चिकटून की पायरीवर बसून पाय धुवावेत. घरमालकीण गोड बोलते. नवरा मासे पकडतो; तो यायच्या आधी त्याचा वास येतो. पलीकडे उंच कडे आणि एक गुहा, तिथं होडीनंच जाता येतं. सून फोटो काढून काढून दमली. लेक मला बोलायला लागल्यापासून ‘म्हातारे’ म्हणतो. तेव्हा मी पंचविशीत होते, मेल्याला लाज नाही. आज म्हणाला, म्हातारे, एकदा तरी हस. हसले.

मंगळवार
दोघं ते उंच कडे बघायला गेले. माझे गुडघे घरी राहिले, त्यांच्या सोबतीला मी. अंगणात जाळी वाळत घातलीत. प्रत्येक जाळ्याला मधोमध डोकं जाईल एवढं भोक! आळसाला काही सीमा? मला फाटकं दिसलं की हात शिवशिवतात. दोरा सापडला, मोठ्या जाळ्याचं भोक दुपारभर बसून विणून काढलं. माझी गाठ देवालाही सुटायची नाही. कुणाला बोलले नाही, उगाच आभार मानत बसतील.

बुधवार
लेक घरमालकासोबत होडीतून गुहा बघायला गेला. येताना टाकलेल्या त्या मोठ्या जाळ्यात काही जड लागलं. लेक ओढायला वाकला आणि पाण्यात गेला. लगेच वर आला म्हणे. काठावर घरमालकिणीनं जाळं चाचपलं आणि विचारलं, हे कुणी शिवलं? मी ऐटीत सांगितलं. तिनं जाळं हातातून टाकलं. म्हणाली, जाळ्यात आलेलं जे मासा नसेल त्याला निघून जाता यावं म्हणून आम्ही ते भोक ठेवतो. वाट नाही मिळाली तर ते माणसात शिरून वर येतं. मी म्हटलं, बाई, आळस झाकायला गोष्ट बरी रचलीत.

गुरुवार
लेकाचा शर्ट वाळत नाही. बदलला, तोही भिजला. खुर्चीखाली पाण्याचं थारोळं. जेवत नाही. पापणी हलत नाही. पाठीवर जाळ्याचे वळ. सून म्हणते सर्दी झालीय.
सकाळपासून मला ‘आई’ म्हणतोय. जन्मात कधी—

शुक्रवार
घरमालकीण म्हणाली, ज्या हातानं गाठ मारली त्याच हातानं कापा, ते परत जाईल. लेकाचं काय, विचारलं. तिनं माझ्या हातात सुरी ठेवली.
कापली.
तो उठला. पाण्यात चालत गेला. गुडघे. कंबर. नुसतं डोकं उरलं तेव्हा वळला. म्हणाला, म्हातारे, थंडी वाजतेय गं.
माझाच होता. आत होता तो— मी त्यालाच—

शनिवार, संध्याकाळ
एकही होडी गेली नाही. घरमालकिणीनं सांगितलंय, हाक आली तर ओ देऊ नका.
सून पडून आहे. भिंतीकडे तोंड.
पायरीवर ओली पावलं.
म्हातारे, दार उघड.
त्याचाच आवाज. खिडकीतूनही तोच. मोरीतूनही—
सून उठली. कडीला हात. म्हणते, आई नाही म्हणाले, म्हातारे म्हणाले, तेच आहेत. अगं थांब, काल पाण्यात माझा लेक बोलला तेव्हा त्याच्या आत शिरलेल्यानंही ऐकलं, तो शब्द आता त्यालाही ठाऊक—