शिट्टी नसलेला सामना

चि. सौ. बारकीस,

तुझ्या दादाचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना उतरताना कट् कट् वाजायचा, तो अजून वाजतो की गप्प झाला? (गप्प झाला असेल तर जास्त जप. वाजतं भांडं फुटत नाही, असं आई म्हणायची, आणि म्हणूनच तिने आयुष्यात एक भांडं गप्प ठेवलं नाही.) मेहुण्यांच्या दाढा कशा आहेत? त्यांना म्हणावं, सुपारी सोडा, नाहीतर दाढा तुम्हाला सोडतील. भाचीच्या चष्म्याचा नंबर उतरला की आणखी चढला? एवढीशी पोर, पण अक्षर मोत्यासारखं. मागे एकदा तिने पाकिटावर माझा पत्ता लिहिला होता, ते पाकीट मी अजून जपून ठेवलंय. आणि आप्पा? त्यांच्या डोळ्यांचं सांगू नकोस, डॉक्टरांनी हात टेकलेत आणि उजेड-सावलीपलीकडे त्यांना काही दिसत नाही हे मला ठाऊक आहे. कानांचं सांग. अजून तेवढेच तिखट आहेत का? शेजाऱ्यांकडे चमचा पडला तर तो पितळेचा की स्टीलचा हे अजून सांगतात का?

त्या कानांपायीच हे पत्र. फोन केला की तू "कोण, दादा?" म्हणून सगळी आळी जागी करतेस आणि पुढचं सगळं आप्पा तीन खोल्यांपलीकडून ऐकतात. म्हणून हे घरी न पाठवता तुझ्या टपाल कचेरीच्या पत्त्यावर टाकतोय. शिक्के मारता मारता हाती लागलं की तिथेच उभ्या उभ्या वाच, आणि गुडघा दुखला तर बसून वाच, पण घरी नेऊ नकोस. आमच्याकडे तुझी वहिनी मजेत आहे. माझं मात्र काय चाललंय ते माझं मलाच कळेनासं झालंय. तुला लिहिता लिहिता कळलं तर बरंच, नाहीतर तू कळव.

बारके, माझं खेळाचं काम सुटलं. आज आठ आठवडे झाले. सामने दाखवायचे हक्क दुसऱ्या वाहिनीने उचलले आणि आमच्या क्रीडाविभागात उरलो मी आणि हवा गेलेला एक फुटबॉल. (आमच्या दोघांत फारसा फरक नव्हता.) एकतीस वर्षं जिथे बसलो त्या खोलीत आता टिकल्या लावलेले कोट लटकतात. नव्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं. वयाने आपल्या भाचीहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. खुर्चीत मांडी घालून बसतात आणि बोलताना माणसाकडे न बघता तीन पडद्यांकडे बघतात. म्हणाल्या, "सर, तुमचा आवाज लोकांच्या घरातला झालाय. आता एक तर घरी जा, नाहीतर साडेसातच्या मनोरंजनाच्या बातम्या घ्या." 'घरी जा' आणि 'नाहीतर' यांच्यात त्यांनी इतकी कमी जागा सोडली की घाईत माझ्या हाताला 'नाहीतर' लागलं.

तेव्हापासून रोज साडेसातला मी टिकल्यांचा कोट घालून सांगतो की कोणी कोणाशी जमवलं, कोणी कोणाशी मोडलं आणि कोणत्या नटीच्या कुत्र्याला सर्दी झाली. मेकअपवाला (मी त्याला रंगारी म्हणतो, तो रागावत नाही) पहिल्याच दिवशी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "खेळाला घाम चालतो, इथे चकाकी लागते," आणि त्याने माझ्या गालांना असं काही फासलं की घरी गेल्यावर तुझ्या वहिनीने दार उघडलं आणि "ते घरी नाहीत" म्हणून परत लावलं.

हे आप्पांना कसं सांगू? तू तेव्हा लहान होतीस, तुला आठवत नसेल. माझी शाळा सातवीत सुटली तेव्हा आप्पा मला मैदानावर घेऊन गेले. ते चुन्याच्या रेघा मारायचे, मी मागून बादली धरायचो. सामन्याच्या दिवशी ते पांढरा सदरा घालायचे, एरवी कधीही नाही. आम्हाला वाटायचं चुना दिसू नये म्हणून, पण ते म्हणायचे, "ज्या दिवशी सगळे आपली रेघ बघणार, त्या दिवशी आपणही नीट दिसावं." मी रेघेबाहेर बसून सामन्याचं धावतं वर्णन पुटपुटायचो. शब्द कमी पडायचे म्हणून त्यांनीच मला रद्दीतून एक शब्दकोश आणून दिला. त्याची पहिली शंभर पानं गायब होती. (म्हणून आजही माझे 'अ'पासून सुरू होणारे शब्द जरा कच्चेच आहेत.) आणि त्यांनी एकच धडा दिला. अख्खा चेंडू रेघेपार गेल्याशिवाय बाहेर म्हणायचं नाही. केसाएवढा जरी रेघेवर असला तरी तो आत. मी टीव्हीवर लागलो तेव्हा ते गावभर सांगत सुटले होते की आपलं पोरगं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलतं. आता त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू (तेही चकाकी फासलेल्या) की तुमचं पोरगं हल्ली कोणीच न पाहिलेलं सांगतं?

बरं, वाहिनी तीच, वेळ तीच. साडेसात वाजले की आप्पा तुझ्या पुढच्या खोलीत गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीसमोर बसणारच, तुम्ही बाकीचे त्या वेळी स्वयंपाकात आणि अभ्यासात. तेव्हा मी एक शक्कल लढवली. म्हटलं, त्यांना दिसत तर नाही, मग बातमी कशाची का असेना, सामन्यासारखीच सांगायची. गंगेत घोडं न्हालं असतं, पण घोडं कुठलं आणि गंगा कुठली हेच मला उमजेना.

पहिल्याच आठवड्यात एका नटाच्या मागे तीन तरुणी आहेत अशी बातमी मी दिली. एक लांब केसांची, एक आखूड केसांची आणि एक लाल केसांची. मोठ्या चुरशीने सांगितली, आखूड केसांची शेवटच्या वळणावर आघाडी घेतेय इथवर. मग कानातल्या बोळ्यातून बाईंचा आवाज आला, "सर, ती एकच आहे. ती त्याची बायको आहे." आता तूच सांग, माझी काय चूक? खेळाडूच्या पाठीवर नंबर असतो. इथे पाठीवर कापडच नसतं. मी चूक सुधारायला गेलो आणि म्हणालो, "तिघींनी मिळून विजय मिळवला." करायला गेलो एक आणि झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी त्या नटाच्या सासूने वाहिनीच्या दारात ठाण मांडलं.

मग लाल गालिच्याचा प्रसंग. आमच्या धंद्यात एक रीत आहे, गोल झाला की समालोचकाने गप्प बसायचं. त्या घटकेला प्रेक्षकांचा आवाजच बोलतो, आपण मधे तोंड घालायचं नाही. एक मोठी अभिनेत्री गाडीतून उतरली, लोकांनी एकच गलका केला आणि मी सवयीने गप्प बसलो. अकरा सेकंद. माझ्या मते ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत उत्तम समालोचन होतं. कंट्रोल रूममध्ये मात्र हलकल्लोळ. एकाने माझ्या माइकची वायर उपटून परत लावली, रंगारी पाण्याचा ग्लास घेऊन धावला आणि बाई कानात ओरडल्या, "सर, जिवंत आहात ना?" मी मान हलवून हो म्हटलं. बाईंच्या तिन्ही पडद्यांवर तेव्हा त्या अभिनेत्रीचे बूट होते, त्यामुळे माझी मान कोणालाच दिसली नाही.

पण खरा घोळ पुढेच झाला. एका गायकाचं लग्न आम्ही थेट दाखवत होतो. आप्पा ऐकत असणार म्हणून मी सुरुवात केली की डावीकडून नवरा पुढे सरकतोय, मधल्या फळीत त्याचे दोन मित्र, समोर नवरीकडचा बचाव भक्कम आहे, सगळ्या मावश्या एका रांगेत. तेवढ्यात अंगठी नवऱ्याच्या हातून निसटली आणि घरंगळत टेबलाखालून सुटली. नवरीच्या थोरल्या बहिणीने भारी साडीनिशी आडवी झेप घेऊन ती रेघेवर (म्हणजे गालिच्याच्या काठावर) अडवली. मला राहवलं नाही. मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो, "अडवली! काय अडवली! आत आहे, अजून आत आहे!" झालं. दुसऱ्या दिवशी लोक पानाच्या गादीवर त्या झेपेचीच चर्चा करत होते आणि बाई पहिल्यांदाच पडदे सोडून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, आता रोज असंच." म्हणजे मी बापाला फसवायला जे सोंग काढलं, त्याचीच मला नोकरी लागली.

त्याच आठवड्यात आप्पांनी तुझ्या फोनवरून मला विचारलं होतं, ते तू ऐकलंच असशील. (तू ऐकलं नसशील तर आळीने ऐकलं असेल.)

"कालचा सामना बरा होता. जिंकलं कोण?"

मी म्हटलं, "बरोबरी झाली, आप्पा."

"मग पुन्हा खेळतील?"

"लोक म्हणतात, वर्षभर तरी टिकतील."

त्यावर ते म्हणाले, "मैदान कोरडं होतं वाटतं." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मलाच कळेना की मी नक्की कशाला हो म्हटलं.

आता गेल्या मंगळवारचं. हे मी तुझ्या वहिनीलाही नीट सांगितलेलं नाही. एक जुनं जोडपं आहे, दोघेही नाटकवाले, चाळीस वर्षांचा संसार. ते एकाच गाडीतून उतरले, पण दोन वेगळ्या दारांनी. एवढंच छायाचित्र. बाई म्हणाल्या, मोडलं म्हणून सांगा. मी म्हटलं, बाई, चेंडू अजून रेघेवर आहे. त्या म्हणाल्या, "सर, सगळे आधी सांगतात, माफी मागून मागता येते." आणि तेवढ्यात दिवे लागले, कानात आकडे मोजले गेले आणि मी सांगून टाकलं. बुधवारी कळलं, म्हाताऱ्याच्या पायाला प्लास्टर होतं आणि त्याला त्याच्या बाजूनेच उतरता येत होतं. त्याची बायको मंगळवारी संध्याकाळी औषधाच्या दुकानात उभी होती, तिथल्या टीव्हीवर तिने स्वतःच्या संसाराची बातमी ऐकली. तिने गोळ्या घेतल्या आणि ती घरी गेली. दुकानदाराने आमच्या बातमीदाराला हे सांगितलं. माफी मागू का विचारलं तर बाई म्हणाल्या, बातमी शिळी झाली.

असो. इकडे बाकी ठीक. तू गुडघ्याला शेक देत जा. मेहुण्यांना नमस्कार, भाचीला पापा. आप्पांना, सध्या, काही सांगू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. हे मी वर लिहायलाच विसरलो (विसरलो नाही, धीर झाला नाही). पुढच्या शुक्रवारी आमचा कॅमेरा तुझ्या घरी येतोय. बाईंच्या डोक्यात नवीन खूळ आलंय, 'निवेदकाचे वडील काय म्हणतात?' साडेसातला थेट आप्पांसमोर माइक धरून विचारणार की मुलगा खेळ सोडून मनोरंजनात आला, कसं वाटतं? तेव्हा तुझ्या पाया पडतो (थोरला असूनही), शुक्रवारी सात वाजता आप्पांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. त्यांचे दात कधीच गेलेत हे मला माहीत आहे. काहीतरी सांग. हिरड्या म्हण.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच टपालवाला येऊन गेला. पत्र आप्पांचं आहे. सांगितलंय त्यांनी, लिहिलंय भाचीने, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. ते म्हणतात, आठ आठवड्यांत एकदाही शिट्टी ऐकू आली नाही, आणि शिट्टीशिवाय कुठला सामना सुरू होतो आणि कुठला संपतो? पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. मग बोलले का नाहीत? तर तू एवढी मेहनत घेत होतास, म्हटलं पोराचा सराव मोडू नये. कामाचं त्यांना काही वाटत नाही. रेघ मैदानात मारा की दिवाणखान्यात, सरळ मारली म्हणजे झालं. पण पुढे लिहिलंय, "मंगळवारी चेंडू आत होता. दोघं एकाच गाडीतून उतरले असं तूच म्हणालास, आणि तरी बाहेर म्हणालास. त्या नाटकवाल्या बाईंचं घर आहे ते. पुढच्या शुक्रवारी कॅमेरा येतोय असं तुमच्या कचेरीतून फोनवर कळलं. मला काही विचारण्याआधी चेंडू आत होता म्हणून तू सांग, मग मी बोलेन. नाहीतर मी कॅमेऱ्यासमोर अकरा सेकंद गप्प बसेन." (म्हणजे गालिच्याचा प्रसंगही त्यांनी मोजला होता.)

आणि त्या पाकिटावर तुझा शिक्का आहे, बारके. डावीकडे झुकलेला, हजारांत ओळखेन. म्हणजे तुलाही ठाऊक होतं! आता कोण कोणापासून काय लपवत होतं, हे मला कोणीतरी कागदावर रेघा मारून समजावून सांगा.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. डॉक्टरांची वेळ घेतलीसच तर मेहुण्यांच्या दाढा दाखवून आण. आप्पांना घरीच राहू दे. शुक्रवारी मी आधी माफी मागणार आहे. बाईंना विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, म्हणून विचारणारच नाही. त्यानंतर मला 'नाहीतर' मिळेल की 'घरी जा', ते बघू. फक्त एक कर. त्या दिवसासाठी आप्पा कुठला सदरा काढून ठेवायला सांगतात ते मला कळव. पांढरा आहे का, एवढं एका ओळीत लिही, पण उलट टपाली लिही. शिक्का सरळ मारला नाहीस तरी चालेल.